पुसणाऱ्या गमरे मॅडम

"बोटानं पुसायचं नाही."

विजया गमरे मॅडमनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी माझं नाव विचारलं नाही की बस म्हटलं नाही. परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात, दुसऱ्या मजल्यावर आमचं सोळा माणसांचं ऑफिस. माझा नोकरीचा पहिला दिवस. कुणीतरी मला भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर फोन नंबर लिहून ठेवायला सांगितलं. मी लिहिला, एक आकडा चुकला, आणि जगातला कुठलाही माणूस जे करेल तेच केलं. अंगठ्यानं तो आकडा पुसला. तेवढ्यात मागून हा आवाज.

वळून पाहिलं तर जेमतेम पाच फूट उंचीची, पन्नाशीची एक बाई. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा कपाळावर चढवलेला आणि दुसरा चष्मा डोळ्यांवर.

"मॅडम, एकच आकडा चुकला होता."

"एक आकडा पुसता येत नाही. पुसायचा तर अख्खा फळा."

मला वाटलं, मस्करी चाललीय. मी हसले. त्या हसल्या नाहीत. फळ्यावर त्या वेळी कंपनीचे मालक मेहेंदळे सर यांच्या मीटिंगचे मुद्दे होते, कुणाची तरी एक आकृती होती आणि एका कोपऱ्यात कुणाच्या भाचीच्या बारशाचं आमंत्रण होतं. मॅडमनी मला शेजारचा कोरा फळा दाखवला. या फळ्यावरचं जे जे अजून कामाचं आहे ते लिहिणाऱ्याला विचारून तिकडे उतरवायचं, उतरवलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मगच हा फळा पुसायचा. तासभर मी अनोळखी लोकांच्या टेबलापाशी जाऊन "हे तुमचं आहे का, अजून हवंय का?" असं विचारत फिरले. बारसं होऊन पंधरा दिवस झाले होते, तेवढी एक ओळ गळली. शेवटी मी फळा पुसला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "झालं तुझं ट्रेनिंग. आता बस. नाव काय तुझं?"

त्या तासाभरात मला खरोखरच अर्धं काम शिकवून झालं होतं, हे कळायला सहा महिने गेले.

आमची कंपनी साठवणीच्या चिपा बसवलेली छोटी यंत्रं करायची, आणि ही चिप स्वभावानं मोठी आडमुठी. पेनड्राइव्ह म्हणा, फोन म्हणा, सगळ्यांच्या पोटात तीच असते. तिच्यात हजारो ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकात पुष्कळ पानं. कोऱ्या पानावर लिहिता येतं, पण लिहिलेल्या पानावर खाडाखोड चालत नाही. काही बदललं तर ते नव्या पानावर लिहायचं आणि जुन्या पानावर नुसती फुली मारायची. तुम्ही फोनमधला फोटो डिलीट करता तेव्हा तो त्याच क्षणी जात नाही, त्याच्यावर फुली पडते एवढंच. अशी फुलीची पानं साठत गेली की जागा भरते. मग चिपवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम एखादा ब्लॉक निवडतो, त्यातली जिवंत पानं दुसरीकडे उतरवतो आणि तो ब्लॉक एका झटक्यात कोरा करतो. ह्याला म्हणायचं गार्बेज कलेक्शन. मॅडम म्हणायच्या, झाडलोट. आमच्या सगळ्या यंत्रांतली झाडलोट त्यांनी एकटीनं लिहिलेली होती, आणि त्यामुळे खालच्या वॉचमनपासून मेहेंदळे सरांपर्यंत सगळे त्यांना मागून 'पुसणाऱ्या मॅडम' म्हणत. ते त्यांना माहीत होतं. एकदा वॉचमननं तोंडावरच म्हटलं तर म्हणाल्या, "पुसायला काय लागतं? उतरवणाऱ्या म्हण."

आता अशा बाईचं टेबल कसं असेल? कुणालाही वाटेल, आरशासारखं. ते टेबल बघायला बाहेरची माणसं यायची. तुटक्या वायरी, मेलेल्या चिपांचे डबे, सात कॅलेंडरं, आणि एक पितळी घंटा, जिचा उपयोग त्यांनाही आठवत नव्हता. दर वर्षी सर ऑफिस-सफाईचा दिवस जाहीर करायचे आणि दर वर्षी मॅडम ते टेबल ब्लॉक असल्याचं सांगून सुटायच्या. "यात अजून जिवंत पानं आहेत, सर." एकदा मी घोडपदेवला त्यांच्या घरी गेले होते. चाळीतली एक खोली, बाहेर गॅलरी. आत त्या, त्यांची धाकटी बहीण आणि भाचा. खिडकीत बुद्धमूर्ती, भांड्यांची फळी अशी लावलेली की डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वाटी मिळावी. मी थक्क होऊन बघत राहिले. बहीण म्हणाली, "घर मी लावते. ताईला हात लावू देत नाही. तिचं ते ऑफिसात काय आहे, आम्ही ऐकून आहोत."

चहाच्या कपांचं प्रकरण तर आमच्या ऑफिसच्या इतिहासात जमा आहे. चहा करायला शेवंताबाई होत्या, तोंडानं फटकळ आणि मनानं त्याहून फटकळ. धुतलेले कप त्या फळीवर एकावर एक रचायच्या. लोक वरचे कप उचलत, तेच धुतले जात, तेच पुन्हा वर येत. मॅडमच्या लक्षात आलं की वरच्या चार कपांचे कान तुटलेत आणि तळाचे चार दुकानातून आणल्यासारखे आहेत. चिपचंही असंच असतं. एक ब्लॉक ठरावीक वेळा पुसून झाला की झिजून निकामी होतो, म्हणून सगळ्या ब्लॉकांना सारखं राबवावं लागतं. झालं. मॅडमनी फर्मान काढलं की धुतलेला कप तळाशी जाईल.

"तळाशी घालायला आधी सगळे कप उचलायला लागतात, मॅडम," शेवंताबाई म्हणाल्या.

"मग उचला."

"का म्हणून? कप काय नवसानं झालेत?"

आठवडाभर दोघी बोलत नव्हत्या. मग शेवंताबाईंनी तोडगा काढला. त्या रचलेल्या कपांच्या डावीकडे नवी चळत लावू लागल्या, धुतलेले कप तिकडे. उजवीकडची चळत संपली की बाजू बदलायची. एकही कप उचलायला नको. मॅडम ती व्यवस्था दहा मिनिटं हाताची घडी घालून बघत उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "सावंत, ही बाई माझ्यापेक्षा चांगली झाडलोट लिहील." आणि खरोखरच पुढच्या यंत्रात त्यांनी हीच पद्धत घातली. त्या भागाचं प्रोग्रॅममधलं नाव अजूनही शेवंता आहे.

पण ऑफिस त्यांना घाबरायचं ते वेगळ्याच कारणानं. त्या वीज तोडायच्या.

त्यांचं म्हणणं असं की झाडलोट शांतपणे कुणालाही करता येते. पानं उतरवून झाली आहेत, जुना ब्लॉक पुसायचा आहे, आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली तर काय, ही खरी परीक्षा. त्यासाठी त्यांनी एक पेटी केली होती, ती दिवसभर टकटक करत यंत्रांची वीज तोडायची आणि जोडायची. पण त्यांचा पेटीवर पूर्ण विश्वास नव्हता. म्हणून त्या हातानंही तोडायच्या. तुम्ही काम करताय, यंत्र टेबलावर चालू आहे, आणि मॅडम पाण्याची बाटली घेऊन जाता जाता सहज प्लग उपटायच्या. मग तुमच्याकडे बघून विचारायच्या, "काय गेलं?" काही गेलं नसलं की खूश. काही गेलं असलं की आणखी खूश.

एकदा मेहेंदळे सर तिकिटांच्या यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवत होते. समोर पाच पाहुणे, कोट घातलेले. सर सांगत होते, "आमचं यंत्र कुठल्याही परिस्थितीत..." आणि मॅडमनी मागून प्लग उपटला. अंधारलेल्या पडद्याकडे पाच कोट बघत राहिले. सरांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला आणि नंतर पुन्हा पाहू नये म्हणून खाली बघितलं. मॅडमनी शांतपणे प्लग लावला. यंत्र उठलं, शेवटचं तिकीट जसंच्या तसं दिसलं. पाहुण्यांतला सगळ्यात म्हातारा गृहस्थ टाळ्या वाजवायला लागला. काम आम्हाला मिळालं. सरांनी संध्याकाळी मॅडमना केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "गमरे, तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तर?" मॅडम म्हणाल्या, "वीज सांगून जात नाही, सर."

हे सगळं सांगायचं कारण, ज्या बाईनं हातानं आणि पेटीनं मिळून लाखो वेळा वीज तोडली, तिच्याच हातून काय राहून गेलं ते आता सांगायचंय.

अंध लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला आम्ही ध्वनिमुद्रणाची छोटी यंत्रं करून दिली होती. तळहाताएवढी, मोठी मोठी बटणं, आवाज साठवायचा आणि ऐकायचा. एक दिवस संस्थेकडून निरोप आला की लालबागचे एक वापरणारे तक्रार करताहेत. नाव दत्ताराम परब, वय पंचाहत्तरच्या पुढे, जन्मापासून अंध, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त. मूळचे मालवणकडचे, आणि चाळीतल्या भजनी मंडळाचे बुवा. जुन्या भजनांच्या चाली ते या यंत्रात गाऊन ठेवत होते. फोन मी स्पीकरवर लावला.

"मी पुसलेला होता ता परत वाजता," परबकाका म्हणाले. "आणि जा ठेवलेला होता ता खंय गेला?"

आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "भूत." दुसरा म्हणाला, "आजोबांनी बटण चुकीचं दाबलं असणार." फोनवर ते ऐकू गेलं. "माझी बोटां पस्तीस वर्षां बोर्डावर होती. चुकीचा बटण मी दाबूचंय नाय. माका येडो समजतास काय?"

मॅडम आपल्या टेबलावरून उठून आल्या. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता.

"काका, यंत्र बंद कसं करता?"

"बंद कित्याक? काम झाला की बॅटरी काढून ठेवतंय. उगाच जळता कित्याक."

"आत्ता बॅटरी आत आहे की बाहेर?"

"भायर."

"बाहेरच ठेवा. यंत्राला हात लावू नका. कुणालाही लावू देऊ नका. शेजाऱ्याला ऐकवायला म्हणूनसुद्धा चालू करू नका. मी येते."

पर्स घेता घेता त्यांनी मला समजावलं. यंत्राला वीज मिळाली की काही काम नसताना ते आपणहून झाडलोट करत बसतं. गेलेल्या चाली अजून फुलीच्या पानांवर असतील, तर यंत्र पुन्हा चालू होणं म्हणजे ती पानं कायमची जाणं. "म्हणजे माझ्याच प्रोग्रॅमपासून ते वाचवायचंय," त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. मी मागून धावले.

परबकाकांनी यंत्र पापडाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं होतं, डब्यावर वरवंटा. बॅटरी दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या फळीवर. "दोघांची गाठ पडूक नको म्हणून," ते म्हणाले. मॅडमना तो माणूस तिथेच आवडला.

चहा पिताना हळूहळू सगळं कळलं. चाली त्यांना तोंडपाठ होत्या, त्या पुन्हा गाता आल्या असत्या. पण अकरा चालींना साथ होती बाबलची. बाबल म्हणजे त्यांचा पखवाजवाला. समोरच्या खोलीत राहायचा, चाळीस वर्षं त्याच्याशिवाय दुसरा कुणी त्यांच्या शेजारी बसला नव्हता. होळीनंतर चार दिवसांत तो गेला. काकांनी एवढंच सांगितलं, आणि कप खाली ठेवताना बशीची कड चाचपली.

"तू त्या कंपनीत काय करतंस, बाये?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या यंत्रात पुसायचं काम करणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

काकांनी मान मॅडमच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे तूच ती." आणि खो खो हसले. मॅडमही हसल्या, पण परत येताना यंत्राचा डबा रस्ताभर दोन्ही हातांनी धरून होत्या.

पुढचे नऊ दिवस त्यांनी दुसरं काहीही केलं नाही. यंत्रातली चिप गरम हवेनं सोडवून काढली. आपला प्रोग्रॅम मध्ये येऊ न देता ती थेट वाचली. मिळाला तो पानांचा नुसता ढीग, कुठलं कुणाच्या पुढे ते समजेना, काही दोनदा होती, काही अर्धी. मॅडम एकेक पान लावत गेल्या. टेबलावर जागा नव्हती म्हणून जमिनीवर बसून. दुपारी शेवंताबाई डबा उघडून समोर ठेवायच्या आणि "खा नाहीतर कप उलटेसुलटे रचते" अशी धमकी द्यायच्या.

चौथ्या दिवशी त्यांना चूक सापडली. प्रत्येक पान कुठे आहे याची यंत्र एक यादी ठेवतं आणि झाडलोट झाली की नवी यादी लिहितं. नवी कुठली हे कळावं म्हणून यादीला क्रमांक. तो क्रमांक दोनशे पंचावन्नपर्यंत जायचा आणि मग पुन्हा शून्य. शून्य क्रमांकाची नवी यादी लिहून झाली आणि जुनी पुसायच्या आत बॅटरी निघाली, की पुढच्या वेळी यंत्र दोन्ही याद्या बघायचं आणि म्हणायचं, दोनशे पंचावन्न मोठा, म्हणजे तीच नवी. मग जुनी पानं जिवंत व्हायची आणि नवीन पानं कचरा ठरायची. पुसलेलं परत वाजायचं आणि ठेवलेलं झाडलोटीत जायचं. परबकाका शब्दशः खरं बोलत होते.

लाखो वेळा वीज तोडूनही हे मिळालं नव्हतं, कारण मॅडम दर चाचणीला कोरं यंत्र घ्यायच्या. क्रमांक कधी दोनशे पंचावन्नपर्यंत पोचलाच नाही.

"कुणी लिहिलंय हे?" एकानं पडद्यात डोकावून विचारलं. ओळीच्या वर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं असतात. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. व्ही. जी. दहा वर्षांपूर्वीचं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मेहेंदळे सर वाईट माणूस नव्हते, फक्त लवकर घाबरायचे. ते म्हणाले, "गमरे, दुरुस्ती करून टाकू. पुढच्या यंत्रांत घालू. आधीच्यांत एवढ्या योगायोगानं कुणाला होणार आहे? आणि परबांना सांगू, बॅटरी अशी काढायची नसते. ते तर खरंच आहे ना?"

"बॅटरी कशीही काढली तरी चालेल असं आपण लिहून दिलंय, सर. ते वाक्यही माझंच आहे."

"अहो, पण एवढी यंत्रं परत मागवायची म्हणजे नाव जाईल."

"नाव माझं सांगा." मॅडमचा आवाज चढला नाही, पण हातातलं पेन सारखं उघडत मिटत होत्या. "पत्र मी लिहिते. चूक कोणाची, काय झालं, काय करू नका, सगळं. तुम्ही सही करणार नसाल तर मी माझ्या सहीनं पाठवते. मग मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

सर पाणी प्यायले. मग म्हणाले, "पत्रात 'अक्षम्य' वगैरे शब्द घालू नका. तुम्ही घालाल, मला माहितीय." आणि सही केली.

पुढचे दोन महिने यंत्रं परत येत होती आणि मॅडम प्रत्येकात नवा प्रोग्रॅम स्वतः घालत होत्या. आम्ही मदत करायला गेलो की आमच्या हातून काढून घ्यायच्या. ज्यांना येणं शक्य नव्हतं त्यांच्या घरी गेल्या, माटुंग्याला, अँटॉप हिलला, कुठे कुठे. प्रत्येक घरी तीच चूक तितक्याच सविस्तर सांगायच्या. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतल्या एका शाळामास्तरीणबाईंनी शेवटी हात जोडले, "ताई, कळलं हो, दोनशे पंचावन्न! पण आता सरबत घ्या."

पण त्याच्या आधी परबकाकांचं उरलं होतं. अकरा चालींपैकी नऊ पूर्ण मिळाल्या. दहावी अर्धी. अकरावीची पानं झाडलोटीत गेली होती, तिचा एक तुकडाही नव्हता. मॅडमनी तीन दिवस जास्त शोधलं आणि मग शोधणं थांबवलं.

त्या ढिगात आणखी एक गोष्ट सापडली. काकांनी मुद्दाम पुसलेलं एक मुद्रण. मॅडमनी चार सेकंद ऐकलं, आणि चटका बसल्यासारखे कानांवरचे हेडफोन काढले. मी विचारलं, काय आहे? "आपलं नाही," त्या म्हणाल्या.

लालबागला आम्ही दोघी परत गेलो. मॅडमनी आधी चूक सांगितली. आद्याक्षरांसकट, दोनशे पंचावन्नसकट. मग काय मिळालं, काय नाही ते. अकरावी चाल कायमची गेली हे सांगताना त्या सरळ उभ्या होत्या, शाळेत छडी खायला उभं राहतात तशा. काका ऐकत होते. म्हणाले, "बस गे आधी. उभ्यानं काय सांगतंस?"

त्या बसल्या. "अजून एक आहे, काका. तुम्ही स्वतः पुसलेलं. मी पूर्ण ऐकलं नाही. तुमचं भांडण आहे, बाबलशी. तुम्ही सांगाल तर देते, नाहीतर इथंच तुमच्या समोर कायमचं घालवते."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होईना. मग काका म्हणाले, "लाव."

तीन मिनिटांचं होतं. लयीवरून भांडण. परबकाका म्हणत होते, तू पळतोस. बाबल म्हणत होता, तू रेंगाळतोस. आवाज चढत गेले, आणि मग बाबलचा तो खर्जातला घसा स्पष्ट ऐकू आला, "दत्ता, तू आंधळो आसस ता म्हायत आसा. पण बहिरो कदीपासना झालंस?" पुढे पखवाजावर एक संतापलेली थाप, आणि बंद.

काका हसायला लागले. हसता हसता खांद्यावरचा पंचा तोंडाशी घेतला आणि तो तिथेच राहिला. मॅडम जमिनीकडे बघत होत्या. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी पापडाच्या डब्याकडे बघितलं.

"ह्या ठेव," काका शेवटी म्हणाले. "ह्या पयला ठेव. चाली काय, पाठ आसत. शिव्या पाठ नाय होत."

निघताना त्यांनी मॅडमचा हात धरून विचारलं, "आणि बॅटरी? आता कशी काढू?"

"तुम्हाला हवी तशी काढा," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर आलेय."

त्यानंतर चार वर्षं त्या आमच्याकडे होत्या. त्या वर्षांत त्या बदलल्या असं कुणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. प्लग उपटणं चालूच होतं. फक्त चाचणीच्या पेटीवर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली, 'कोरं यंत्र नको, वापरलेलं आणा', आणि ऑफिसभर फिरून लोकांचे जुने पेनड्राइव्ह मागायला लागल्या. दिवाळीच्या आधी परबकाकांचा फोन यायचा, नव्या चाली ऐकवायला. आता नातीचा मुलगा पखवाज शिकतोय, पण तो पळतो, अशी त्यांची तक्रार असायची. मॅडम फोन स्पीकरवर ठेवून सगळ्या ऑफिसला ती भजनं ऐकवत. आम्हाला कळो न कळो.

मग एक दिवस त्या निवृत्त झाल्या. भाषण केलं नाही. मेहेंदळे सरांनी केलं, मध्येच थांबले, आणि पाणी प्यायले.

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीला मी पोहायला शिकायला पाठवलं. सकाळी सातची बॅच, महापालिकेचा तलाव. उथळ बाजूला दहा-अकरा वर्षांच्या मुली दांडीला धरून पाय मारत होत्या, आणि त्यांच्या रांगेत शेवटी, निळी टोपी कानांपर्यंत ओढून, चष्मा नसलेल्या बारीक डोळ्यांनी समोर बघत, गमरे मॅडम. मी कठड्यापाशी गेले. त्यांनी मला ओळखलं नाही, चष्म्याविना कुणालाच ओळखत नसाव्यात. त्या शिकवणाऱ्या मुलीशी वाद घालण्यात गुंतल्या होत्या.

"दांडी सोडली की मी वर राहीन, हे तू कशावरून म्हणतेस?"

"मॅडम, सगळेच राहतात. अंग ढिलं सोडा."

"सगळे म्हणजे किती जण? साठीतले किती?"

"मॅडम, प्लीज सोडा ना. सगळ्या मुली थांबल्यात."

त्यांनी मोठा श्वास घेतला आणि दांडी सोडली. एक क्षण, दोन क्षण त्या पाण्यावर आडव्या होत्या, पाय वर, टोपी वाकडी. मग नाकात पाणी गेलं, खोकत खोकत दांडी पकडली. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, माझ्या मुलीनंही. मॅडमनी त्यांच्याकडे रागानं वळून पाहिलं.

"टाळ्या कसल्या वाजवताय? खोकले ना मी," त्या म्हणाल्या. टोपी सरळ केली आणि शिकवणाऱ्या मुलीला सांगितलं, "तू जरा लांब हो. बघू दे मला."

आणि परत सोडली.